नाल्याच्या अलीकडची टोली, पलीकडचा कॅम्प : बरं कोणाचं चाललं आहे?

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री 9:10

मी बँक मित्र आहे, म्हणजे बँकेच्या वतीने गावात जाऊन लोकांचे खात्याचे व्यवहार करून देणारा. गळ्यात ओळखपत्र, गाडीच्या डिक्कीत अंगठ्याचं मशीन, आणि पावसाळ्यात ते मशीन गुंडाळायला युरियाची रिकामी थैली. आठवड्यातले तीन दिवस नाल्याच्या अलीकडच्या गोंडांच्या टोलीवर, तीन दिवस पलीकडच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पात. गावांची नावं सांगत नाही, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी-मुलचेराच्या पट्ट्यातली समजा.

परवा टपरीवर चहा पिताना एक गृहस्थ म्हणाले, "हे बंगाली पाहा. साठ वर्षांआधी नेसत्या कपड्यांनी आले अन् आज स्लॅब टाकून बसले. गोंड तर इथले राजे! बल्लारशाचा किल्ला त्यांचा, चांद्याचा (चंद्रपूरचा) परकोट त्यांचा. अन् अजून मोहच वेचून राहिले. शेवटी मेहनत लागते भाऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं कशाला बोलू, मीही हलवली.

घरी येताना मात्र ते डोक्यात घोळत राहिलं. दोन्हीकडचे अंगठे मी रोज घेतो. तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात टोलीवरच्या बायांचा अंगठा मशीन ओळखत नाही. पुडे बांधून बांधून रेषाच पुसल्यासारख्या होतात. मग मी त्यांना अंगठा थुंकीने ओला करायला सांगतो, लुगड्याला पुसायला सांगतो, शेवटी दुसऱ्या हाताची बोटं लावून पाहतो. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत हाच खेळ कॅम्पातल्या बायांशी करावा लागतो, चिखलाने बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असतात. अंगठ्यावरून मेहनत मोजायची तर मला तरी फरक सांगता येणार नाही.

पैशाच्या चालीत मात्र फरक आहे. टोलीवर पैसा झोक्याने येतो. मे-जूनला तेंदूची मजुरी, पुढे कधीतरी ग्रामसभेची रॉयल्टी, मध्ये रोहयो. आला की आठवड्याभरात खातं कोरं. कॅम्पात थेंबाथेंबाने येतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दोनशे, पाचशे, वांग्याचे, मच्छीचे. पण टोलीवर कर्जाचं घर शोधावं लागतं, आणि कॅम्पात बिनकर्जाचं. गटाचं कर्ज, पिकाचं कर्ज, वरून आठवडी हप्तेवाल्यांचं. मंगळवारी हप्त्याचा माणूस यायच्या आधी बाया माझ्याकडे रांग लावतात.

तर मग बरं कोणाचं चाललं आहे? टपरीवरचं उत्तर मला पटत नाही, आणि माझं स्वतःचं अजून तयार नाही.


वडसा_पॅसेंजर | रविवार, रात्री 9:32

बाप्पा! रोवणे आटपले नाहीत अन् यायले धागे सुचून रायले.

माया मते सोपं हाय. ज्याच्या घरी श्रावणात उसना तांदूर आणा लागत नाही तो बरा. बाकी स्लॅब म्हणान तर आमच्या गावात स्लॅब टाकून त्याच्याखाली उपाशी झोपनारेबी हायेत.


निव्वळ_आकडे | रविवार, रात्री 10:05

भावनेवर चर्चा कशाला? 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10.72 लाख, त्यात अनुसूचित जमाती 38.7 टक्के. जिल्ह्याची साक्षरता 74.4 टक्के, राज्याची 82.3. राज्यातल्या अनुसूचित जमातींची 65.7. म्हणजे आदिवासी मागे आहेत हे स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 982 स्त्रिया आहेत आणि राज्यात 929, त्याचं श्रेय काही अंशी आदिवासी समाजाला द्यावं लागेल.

बंगाली समाजाचे असेच आकडे कोणी दिले तर तुलना करता येईल. मला सापडले नाहीत.


सातबारा | रविवार, रात्री 11:20

आकडेभाऊ, सापडणार नाहीत. सरकारी तक्त्यात गोंडांना रकाना आहे, बंगाल्यांना नाही. ते "इतर" मध्ये आहेत, कुणबी, तेली, कोमटी सगळ्यांच्या सोबत. मातृभाषेच्या तक्त्यात तेवढे दिसतात, पण त्यावरून साक्षरता निघत नाही की जमीन निघत नाही. एकाची नाडी तपासायची आणि दुसऱ्याच्या अंगावर घोंगडं टाकून ठेवायचं, असा प्रकार आहे.

महसुलात नोकरी केली, आता घरी असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून लोक येतच होते. 1964 च्या जानेवारीत खुलना, ढाक्याकडे दंगली झाल्या तशी मोठी लाट आली. बहुतेक नमःशूद्र, म्हणजे शेती आणि मासेमारी करणारे. ज्यांच्याकडे शहरात नातेवाईक नव्हते, शिक्षण नव्हतं, त्यांना कलकत्त्यात थारा मिळाला नाही. रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवलं आणि तिथून पांगवलं. कोणी मलकानगिरीला, कोणी बस्तरात परलकोटला, कोणी बैतुलला, कोणी कागजनगरकडे, आणि काही आपल्या चांदा जिल्ह्यात. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 चा, तेव्हा तो नव्हताच. जंगल साफ करून जमिनी पाडल्या आणि कुटुंबामागे मोजून दिल्या. भोगवटदार वर्ग 2, परवानगीशिवाय विकता येत नाही. पण सातबारा झाला. सातबाऱ्यावर नाव लागलं की सोसायटीचं कर्ज, बियाणं, विहीर, नुकसानभरपाई, सगळं त्या कागदामागे चालत येतं.

आता अलीकडच्या टोलीकडे या. तोच पट्टा, तेच जंगल. त्यात पिढ्यानपिढ्या राहणारा गोंड मात्र वनखात्याच्या वहीत अतिक्रमणदार. त्याने बांधी (धानाचं शेत) काढली की "जबरान जोत". दंड, जप्ती, नांगर उचलून नेणे, सगळं झालं. एकाला जंगल तोडून सरकारने पट्टा दिला आणि त्याच जंगलात राहणाऱ्याला त्याच सरकारने चोर ठरवलं. माझ्या टेबलावर दोन्ही फायली होत्या म्हणून सांगतो.

हे सुधारायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा दाखवला की आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत हक्क. वारसाने चालतो, विकता येत नाही. म्हणजे पलीकडच्यांना जो कागद साठच्या दशकात मिळाला, त्याचा धाकटा भाऊ अलीकडच्यांना चाळीसेक वर्षांनी मिळाला. तोही सगळ्यांना नाही. आणि पीककर्जाला तो कागद घेऊन गेलं की मॅनेजर अजूनही उलटसुलट करून पाहतो.

मेहनतीचा हिशोब नंतर करा. आधी हा चाळीस वर्षांचा करा.


टिचकी | सोमवार, सकाळी 7:48

धागाकर्त्याला एक विचारू? लोकांच्या खात्यात काय येतं, कधी कोरं होतं, कोण कर्जात आहे, हे असं चारचौघात मांडायला तुम्हाला परवानगी कोणी दिली?


धुऱ्यावरचा | सोमवार, सकाळी 8:15

टिचकी, रास्त आहे. म्हणूनच गाव लिहिलं नाही, माणूस लिहिला नाही, रक्कमही लिहिली नाही. जे लिहिलं ते दोन्ही गावांतलं शेंबडं पोर सांगेल. तरी इथून पुढे खात्याबद्दल बोलणार नाही.

सातबारा काका, ते चाळीस वर्षांचं वाक्य मी टपरीवर वापरणार आहे.


पुकूरपाड | सोमवार, दुपारी 1:40

मी पलीकडच्यांपैकी. तिसरी पिढी. नागपूरला एका दुकानात हिशोब लिहितो, जेवणाच्या सुट्टीत हे टाइप करत आहे.

"नेसत्या कपड्यांनी आले" हे बरोबर आहे. आजी खुलन्याकडची. तिच्या सांगण्यात माना कॅम्प म्हणजे तंबू, ऊन आणि हगवण. तिची एक मुलगी तिथे गेली. इकडे आणून सोडलं तेव्हा पाच एकर मिळाले, पण एकरात माती कमी आणि बुंधे जास्त. ती पाण्याच्या देशातली बाई. जंगल तिने कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात टोलीवरच्या बायांनी तिला तरोटा दाखवला, कुड्याची फुलं दाखवली, कोणतं कंद उकळून पाणी फेकून द्यायचं ते दाखवलं. ती मरेपर्यंत तरोट्याची भाजी सरसोच्या तेलात करायची. आमच्याकडची ती एकच भाजी अशी, जी ना धड बंगाली ना धड झाडीपट्टीची.

घरामागे खड्डा खणून पुकूर केलं, म्हणजे तुमची बोडी. माती घराच्या जोत्याला, पाणी भाजीला, आणि पाण्यात रोहू, कतला. लोक म्हणतात बंगाल्यांनी चमत्कार केला. चमत्कार नाही, खुलन्यात प्रत्येक घर असंच असतं. आम्हाला एवढंच येत होतं.

आता स्लॅबचं. पाच एकर आजोबांच्या नावावर होते. त्यांना तीन मुलं, तिघांची मिळून आम्ही नऊ नातवंडं. भागाकार तुम्हीच करा. घराचा अर्धा स्लॅब घरकुलाचा आहे आणि अर्धा माझ्या चुलत भावाच्या हैदराबादच्या मजुरीचा. तो सेंट्रिंगच्या कामावर आहे. घर बघून गावाची श्रीमंती मोजणाऱ्यांनी एकदा दिवाळीनंतर येऊन घरात माणसं किती उरलीत ते मोजावं.

आणि कागदाचं म्हणाल तर आमच्याकडे एक आहे, दुसरा नाही. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ती जातच नाही. उद्या यादीत घातली तरी 10 ऑगस्ट 1950 ला महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतील. तेव्हा आमचे आजोबा खुलन्यात धान कापत होते. मी खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरले. आता ईडब्ल्यूएस आहे, पण माझं वय निघून गेलं.

जबरान जोतीचंही तसंच. वाट्याची जमीन पुरत नाही म्हणून आमच्यातही काहींनी जंगलाला लागून बांध्या काढल्या. वनहक्कात बिगर आदिवासीला तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तोही 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा. म्हणजे 1930 पासून. आम्हाला सरकारनेच आणून सोडलं 64 नंतर. कुठून आणू 1930?

शेवटचं. माझ्या जन्माच्या दाखल्यावर महाराष्ट्रातलं गाव आहे. बापाच्याही. तरी नागपुरात खोली भाड्याने घ्यायला गेलं की आडनाव ऐकून पहिला प्रश्न, "बांगलादेशी का?"


वडसा_पॅसेंजर | सोमवार, दुपारी 2:06

भाऊ, थे तरोट्याची भाजी सरसोच्या तेलात… कधी बोलावता?


बेरीज_वजाबाकी | सोमवार, दुपारी 3:30

दोघांचंही ऐकलं. आता आम्हा ओबीसींचंही ऐका. या जिल्ह्यात आमचं 19 टक्क्यांचं आरक्षण 6 टक्के करून ठेवलं होतं. पोरं भरतीची तयारी करून करून म्हातारी झाली. आमच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.


धुऱ्यावरचा | सोमवार, दुपारी 4:02

काढा ना, मीही तिथे येतो, आमचं घर तेल्याचं आहे. फक्त इथे नको, हा धागा तिकडे वळला की परत येत नाही.


मोहफूल | सोमवार, रात्री 9:55

टोलीवरची मी. आरोग्य खात्यात आहे, म्हणून गावं बरीच फिरले.

आधी ते "राजे होते" बंद करा. राजे होते ते चांद्याच्या परकोटात. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्यात फाशी दिली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण माझा आजा राजा नव्हता. तो जमीनदाराच्या बंडीमागे चालत जाणारा माणूस होता. "राजे होते आणि आता मोह वेचतात" यात टोमणा असा की घसरले ते स्वतःच्या करणीने. आणि मोह वेचण्यात कमीपणा कोणता? पहाटे चारला उठून टोपली भरणारी बाई तुमच्या शेअर बाजारवाल्यापेक्षा जास्त जागी असते.

पुकूरपाड दादा, तुमचं वाचून बरं वाटलं आणि थोडं जळलंही. का ते सांगते. तुम्ही शाळेत बंगाली शिकला का?


पुकूरपाड | सोमवार, रात्री 10:12

हो, चौथीपर्यंत वाचायला-लिहायला. गावातल्याच गुरुजींनी शिकवलं. आता पोरं मराठी नाहीतर इंग्रजीत जातात, ती गोष्ट वेगळी.


मोहफूल | सोमवार, रात्री 10:48

तेच. तुमच्याकडे जातीचा कागद नाही पण भाषा आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, नोटेवर छापलेली. आमच्याकडे जमातीचा कागद आहे आणि भाषा घरातच ठेवून शाळेत जायचं. गोंडी बोलणारे 2011 ला देशात 29.84 लाख होते. आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने स्वतः गोंडी शाळा काढली तर ती बेकायदेशीर ठरवायची धावपळ झाली. माझा मुलगा अंगणवाडीत पहिल्या दिवशी "येर" म्हणत रडत होता. येर म्हणजे पाणी. बाई नवीन होत्या. त्यांना वाटलं पोरगं कोणाला तरी हाक मारतं. अर्धा दिवस तहानलेला बसला.

साक्षरतेचे आकडे टाकणाऱ्या भाऊंनी त्या 65.7 मध्ये तो अर्धा दिवस धरावा.

आता माझ्या कामाचं. मी कॅम्पातही जाते. तिथे गरोदर बाई पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवते, टोलीवर पाठीमागे लागावं लागतं. हे खरं आहे, लपवणार नाही. पण टोलीवरच्या रक्तात सिकलसेल हा जन्मजात आजार आहे, आणि कॅम्पात तो मला क्वचितच सापडला. थंडी पडली की हातपाय धरून रडणारं पोर ज्या घरात आहे, त्या घराची मजुरी महिन्यातून आठ दिवस बुडते. "आळशी" म्हणतात त्याला. डॉ. अभय बंग यांच्या समितीचा 2018 चा अहवाल आहे, आदिवासींचं सरासरी आयुर्मान 63.9 वर्षं, इतरांचं 67. तीन वर्षं कमी जगायचं आणि त्यातही आजारी. मेहनत कधी करायची?

दुसरी बाजूही सांगते. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा बापाने कर्ज काढलं नाही. आमच्यात अजून पुष्कळ ठिकाणी मुलाकडचे देतात. नाहीच जमलं तर पोरगा लमझना म्हणून सासऱ्याच्या शेतात राबतो. कॅम्पातली माझी एक मैत्रीण आहे, तिच्या दोन मुलींच्या लग्नात एक बांधी गहाण गेली आणि गाडी द्यावी लागली. ती मला म्हणते, "तुमच्यात पोरगी झाली तर लोक कसे हसतात गं?" मंगळवारच्या हप्त्याच्या रांगेत तीच उभी असते, बँक मित्रांना ती ठाऊक असेल.


धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री 11:03

ठाऊक असली तरी सांगणार नाही, सकाळीच शब्द दिला आहे. 😀

पण तुमचा हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मी कर्ज म्हणजे शेतीचंच धरून चाललो होतो.


निव्वळ_आकडे | मंगळवार, सकाळी 6:50

मोहफूल, अर्धा दिवस धरला. दुसरं एक, राज्यात 0 ते 6 वर्षांच्या मुलांत दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या (2011). काल मी 982 चं श्रेय "काही अंशी" असं सावध लिहिलं होतं, ते "काही अंशी" काढतो.


पामुलगौतमी | मंगळवार, सकाळी 9:15

भामरागडकडून लिहिते आहे, रेंज आहे तोवर.

तुम्ही सगळे "गोंड" म्हणून एकाच टोपलीत भरताय. आरमोरीचा राजगोंड, ज्याची धानाची शेती आणि मुलगा ग्रामसेवक, आणि आमच्याकडचा माडिया, यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं तुमच्या टोली आणि कॅम्पात नसेल. राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया हे तीनच अतिअसुरक्षित गटात धरतात. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडच तुटतं. लोक फेब्रुवारीत तेलंगणात मिरची तोडायला जातात, काही मजुरी मिरचीतच घेऊन येतात, आणि ती मिरची वर्षभर विकत बसतात. तुमच्या टोलीला निदान बँक मित्र येतो.

दोन समाजांची तुलना करताना दोन्हीकडचा कुठला माणूस पुढे उभा केलात, यावर उत्तर ठरतं. टपरीवाल्याने कॅम्पातला स्लॅबवाला घेतला आणि टोलीवरचा दारूवाला.


सातबारा | मंगळवार, सकाळी 10:40

बाई बरोबर बोलल्या. आणि त्याच न्यायाने मेंढा-लेखा हे गाव घ्या. 2009 ला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 1800 हेक्टर. 2011 ला बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू विकून गावाने स्वतःचा पैसा उभा केला. तेही गोंडच. तिथला माणूस उभा केला तर टपरीवाल्याचं वाक्य उलटं होईल. "बंगाल्यांना एवढी वर्षं सातबारा मिळून काय केलं" असंही कोणी म्हणेल, आणि तेही तितकंच चुकीचं असेल.


ढिवर_पोरगा | मंगळवार, दुपारी 12:30

मोठे मोठे लिहून रायले, मी दोन ओळी लिहितो. मच्छीची गोष्ट निघाली की सगळे बंगाल्यायचं नाव घेतात. आमी ढिवर पिढ्यान्‌पिढ्या मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळं टाकतो. तलाव आमच्या बापजाद्यायनं बांधले नाहीत, पण राखले आमीच. आता ठेका जास्त पैशेवाला घेते, अन् आमी त्याच्याच तलावात मजुरीनं जाळं ओढतो. आमाले ना पाच एकर भेटले, ना वनपट्टा.


पुकूरपाड | मंगळवार, दुपारी 1:15

दादा, मान्य. आमच्या बापाला जाळं विणायला तुमच्याच समाजातल्या एकाने शिकवलं होतं, इकडच्या तळ्यांच्या खोडांत अडकणार नाही असं. बंगालचं जाळं इथे फाटायचं.


धुऱ्यावरचा | शुक्रवार, रात्री 8:30

तीन दिवस धाग्यावर आलो नाही. इकडे जे झालं ते सांगतो.

टोलीच्या ग्रामसभेला सामूहिक हक्कात जे जंगल मिळालं त्यात एक जुनी बोडी आली आहे. गाळ काढला होता उन्हाळ्यात, रोहयोतून. यंदा पाणी चांगलं भरलं. बुधवारी मी टोलीवर मशीन लावून बसलो असताना ग्रामसभेत विषय निघाला, मच्छीचं बीज, म्हणजे बारकी पिलं, टाकायचं का. दोन तट पडले. जुनी माणसं म्हणाली, बोडीत झिंगे, बोटऱ्या आपोआप होतात, ते सगळ्यांचे. बीज टाकलं की पहिले राखण येईल, मग कुलूप येईल, मग भांडण. पोरं म्हणाली, तेंदूचा पैसा कधी येतो कधी अडकतो, मागच्या साली ठेकेदाराने किती रडवलं, हातात दुसरं काही तरी हवं. बराच वेळ गोंडीत चाललं होतं, मला निम्मंच कळलं. शेवटी ठरलं की अर्ध्या बोडीला बांबूची ताटी लावायची. एका बाजूला बीज, दुसऱ्या बाजूला जसं आहे तसं.

ताटीतून बीज पलीकडे जाणार नाही का, हे मी विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "जाईल की. गेलं तर पलीकडचे खातील, तेही आपलेच."

गुरुवारी कॅम्पातला एक म्हातारा सायकलवर बीज घेऊन आला. हँडलला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या हंड्या. आता सगळे ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिक पिशवीत आणतात, हा अजून हंडीतच आणतो. थांबला की लगेच हात हंडीत घालून पाणी थापटत राहतो, हवा मिळावी म्हणून. बोलताना थापटतो, चहा पिताना एका हातात कप आणि दुसरा हात हंडीत. टोलीवरची पोरं त्याच्याभोवती जमली होती. एकाने विचारलं, थांबलं तर काय होते? तो म्हणाला, "दहा मिनटात सब ओपोर." म्हणजे सगळी मरून पाण्यावर.

भावावरून अर्धा तास ओढाताण झाली. पैसे ग्रामसभेच्या खात्यातून द्यायचे, आणि त्याला रोख पाहिजेत. शेवटी मीच मध्ये पडलो, ठराव झाला, सह्या झाल्या, पैसे पुढच्या बाजाराला द्यायचं ठरलं. बीज मात्र त्याने त्याच दिवशी सोडलं. म्हणाला, हे काही पुढच्या बाजारापर्यंत थांबणार नाही.

सोडायच्या आधी त्याने हंडीत थोडं थोडं बोडीचं पाणी मिसळलं, सात-आठ वेळा, आणि मग हंडी आडवी केली.


मोहफूल | शुक्रवार, रात्री 9:02

पाणी का मिसळतात?


पुकूरपाड | शुक्रवार, रात्री 9:20

एकदम नव्या पाण्यात टाकलं तर गारठ्याने मरतात ताई. हळूहळू सवय करावी लागते. आणि पहिले पंधरा दिवस बगळे राखा, वरून सुताची दोरी ताणली तरी चालते. ढिवर दादांना विचारा, त्यांना जास्त माहीत आहे.


ढिवर_पोरगा | शुक्रवार, रात्री 9:41

दोरीनं होत नाही. बगळा दोन दिवसात वळखते. मी रविवारी येतो, जाळं घेऊन. बोडी कोन्या गावची हाय थे मले खाजगीत पाठवा.


वडसा_पॅसेंजर | शुक्रवार, रात्री 9:44

मीबी येतो. मच्छी नाही, तरोट्यासाठी.